विश्लेषण : क्रूझवर शांतता हवी, पण जहाजावर मुले किती हे कोण सांगणार?

समजा, नाशिकमधील एक शिक्षक दाम्पत्य आहे. दोघेही वर्षभर पन्नास-साठ मुलांच्या वर्गात उभे असतात. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी मुंबई-गोवा क्रूझचे आरक्षण केले. तेही मे महिन्यात, कारण सलग सुट्टी तेव्हाच मिळते. जहाजावर पाऊल ठेवताच लक्षात येते, की शाळा सुटलेली अर्धी मुंबई आधीच तेथे पोहोचली आहे. तरणतलावात पोहायला जागा नाही, आइस्क्रीमसमोर रांग आणि रात्री अकरा वाजता केबिनबाहेर पकडापकडी. यात चूक कोणाचीच नाही. मुलांनी सुट्टीत दंगा केला, पालकांनी त्यांना करू दिला आणि कंपनीने तिकिटे विकली. तरीही दोन माणसांनी साठवलेल्या पैशातून घेतलेली शांतता त्यांना मिळाली नाही. हे टाळता येते का? बऱ्याच अंशी येते. मात्र त्यासाठी जहाजाचे नाव आणि भाड्यातील सवलत यांच्याआधी वेगळ्याच गोष्टी पाहाव्या लागतात.

‘मुले नकोत’ म्हणणे गैर आहे का?

आपल्याकडे हा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘मुले म्हणजे देवाघरची फुले, त्यांचा कसला त्रास?’ पण मुलांचा राग असणे आणि चार दिवस मुलांच्या गोंगाटापासून दूर राहावेसे वाटणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारी आई-वडिलांची सेवा करून थकलेली मुलगी, अपत्यासाठी वर्षानुवर्षे उपचार घेणारे जोडपे, स्वतःची मुले आजीकडे ठेवून पहिल्यांदाच एकटे निघालेले आई-बाबा, मोठा आवाज सहन न होणारे ज्येष्ठ नागरिक... प्रत्येकाचे कारण वेगळे आणि खासगी असते. ते कोणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. रेल्वेत खिडकीची जागा मागणाऱ्याला आपण कारण विचारत नाही, तसेच हे आहे.

हॉटेल आणि जहाज यांत एक मोठा फरकही आहे. हॉटेलात गोंगाट असेल तर बाहेर पडता येते, दुसरे हॉटेल शोधता येते. जहाज किनारा सोडून निघाले की पुढचे बंदर येईपर्यंत पर्याय संपतात. म्हणून क्रूझच्या बाबतीत ही माहिती आधी मिळणे अधिक महत्त्वाचे ठरते.

जहाजावर इतकी मुले येतात कुठून?

याचे उत्तर भाड्याच्या रचनेत आहे. क्रूझ उद्योगात एका केबिनमध्ये दोन प्रवासी धरून जहाजाची क्षमता मोजली जाते. भाडेही त्याच हिशेबाने ठरते. त्याच केबिनमध्ये भिंतीतून किंवा छतातून उघडणारी तिसरी आणि चौथी शय्या असते. तिचे भाडे खूपच कमी असते. अनेकदा तर मुलांना भाडे माफ असते आणि फक्त कर व बंदर शुल्क घेतले जाते. चौघांच्या कुटुंबाला हॉटेलच्या दोन खोल्या, जेवण आणि मनोरंजन यांच्या तुलनेत हा व्यवहार स्वस्त पडतो. कंपनीलाही तोटा नसतो, कारण रिकामी राहणारी शय्या भरते आणि प्रवासात कुटुंबाचा खर्च होतच राहतो.

‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाचे उदाहरण बोलके आहे. रॉयल कॅरेबियन कंपनीचे हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आले. प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तर त्याची क्षमता ५,६१० आहे. सगळ्या शय्या भरल्या तर सुमारे ७,६०० प्रवासी मावतात. म्हणजे जवळपास दोन हजार जागा तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाच्या आहेत. त्या सर्व मुलांनीच भरतात असे नाही, पण शाळेच्या सुट्टीत त्यावर बहुतांशी कोण झोपते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. या जहाजावर लहान मुलांच्या कुटुंबांसाठी ‘सर्फसाइड’ नावाचा अख्खा विभागच आहे.

टक्केवारीवरून अंदाज कसा बांधायचा?

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या क्रूझ कंपन्या दर तिमाहीला जहाजे किती टक्के भरली हे जाहीर करतात. हा आकडा शंभरच्या वर गेलेला पाहून अनेकांना ती छपाईतील चूक वाटते. पण दोनच्या हिशेबाने क्षमता मोजल्यावर केबिनमध्ये तिघे-चौघे राहिले, की आकडा शंभर ओलांडतो. रॉयल कॅरेबियन समूहाचा आकडा अलीकडच्या वर्षांत जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत ११० टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. याउलट १८ वर्षांखालील प्रवासी न घेणाऱ्या व्हायकिंग कंपनीचा आकडा शंभरच्या आत असतो.

हिशेब सोपा आहे. हजार केबिनचे जहाज ११० टक्के भरले म्हणजे २,२०० प्रवासी. त्यातले किमान दोनशे जण तिसऱ्या-चौथ्या शय्येवर आहेत. एकट्याने केबिन घेतलेले प्रवासी धरले तर हा आकडा आणखी वाढतो. एखाद्या विशिष्ट फेरीत किती मुले आहेत हे यातून कळत नाही. मात्र कंपनीचा धंदा कोणावर चालतो आणि कोणत्या महिन्यांत, हे नक्की कळते.

मुलांना प्रवेशच नाही अशी जहाजे कोणती?

अशी जहाजे आहेत, पण त्यातील बहुतेक युरोप आणि अमेरिकेतून निघतात. व्हायकिंगच्या जहाजांवर किमान वय १८ आहे. तेथे कॅसिनोही नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसची ‘आर्केडिया’ आणि ‘ऑरोरा’ ही दोन जहाजे फक्त प्रौढांसाठी आहेत. ‘आर्केडिया’ २००५ मध्ये सेवेत आली तेव्हापासूनच हा नियम आहे, तर ‘ऑरोरा’ला तो २०१९ पासून लागू झाला. ब्रिटनमधीलच सागा ही कंपनी पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी क्रूझ चालवते. सोबतचा प्रवासी चाळिशीचा असला तरी चालतो. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या ‘स्कार्लेट लेडी’ आणि तिच्या भगिनी जहाजांवरही १८ वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही.

भारतीय प्रवाशासाठी यात दोन अडचणी आहेत. पहिली खर्चाची. विमानभाडे धरले तर दोघांचे गणित लाखांत जाते. दुसरी व्हिसाची. इंग्लंडच्या साउथम्प्टनहून निघून स्पेन-पोर्तुगालला जाणाऱ्या जहाजासाठी ब्रिटनचा आणि बहुतेक वेळा शेंगेनचाही व्हिसा लागतो. भूमध्य समुद्रातील क्रूझ मध्येच तुर्कस्तानला जाऊन पुन्हा युरोपात येत असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. तिकीट काढण्याआधी हे तपासलेले बरे.

प्रौढांचे जहाज म्हणजे शांत जहाज का?

नाही. येथेच अनेकांची फसगत होते. व्हर्जिनच्या जहाजावर मुले नसतात, पण रात्री उशिरापर्यंत पार्टी असते. टॅटू काढण्याचे दुकानही जहाजावरच आहे. ज्याला डेकवर पुस्तक वाचत पडायचे आहे, त्याला तेथे मुलांपेक्षा मोठ्यांचाच आवाज जास्त त्रास देईल. आपल्याकडेही तेच दिसते. शनिवार-रविवारच्या छोट्या फेऱ्यांमध्ये कानठळ्या बसवणारा आवाज खेळणाऱ्या मुलांचा कमी आणि डीजेचा अधिक असतो. कंपन्यांच्या सहली, लग्नाची वऱ्हाडे आणि मित्रांचे गट यांचा गोंधळ मुलांच्या खात्यावर लिहिणे न्याय्य नाही.

म्हणून आधी स्वतःला विचारायला हवे की नको आहेत ती मुले, की गोंगाट? गोंगाट नको असेल तर उत्तर ‘फक्त प्रौढांसाठी’ या पाटीत नसून लांब पल्ल्याच्या आणि छोट्या जहाजाच्या प्रवासात आहे. सात दिवसांपेक्षा चौदा दिवसांच्या प्रवासात मुले कमी असतात, कारण तेवढी रजा आणि तेवढा पैसा तरुण पालकांकडे क्वचित असतो. सलग अनेक दिवस खुल्या समुद्रात राहणाऱ्या फेऱ्यांत तान्ही बाळेही नसतात. बहुतेक मोठ्या कंपन्या एरवी सहा महिन्यांचे बाळ चालवून घेतात, पण महासागर ओलांडणाऱ्या प्रवासात किमान वय एक वर्ष असते. नदीवरच्या क्रूझवर तर तरणतलावाच्या घसरगुंड्या आणि मुलांचे क्लब बहुधा नसतातच. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगडकडे निघालेले ‘गंगा विलास’ हे याचे भारतीय उदाहरण. ५१ दिवसांचा सुमारे ३,२०० किलोमीटरचा प्रवास आणि क्षमता अवघी ३६ पर्यटकांची. अर्थात तो खिशाला परवडणे ही वेगळी गोष्ट आहे.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचे काय?

मुंबईकरांसाठी समुद्रमार्गे गोवा नवा नाही. कोकण किनाऱ्यावरील बोटीने गावी जाण्याच्या आठवणी आजही अनेक घरांत सांगितल्या जातात. आता त्याच समुद्रावर सुट्टीची बाजारपेठ उभी राहिली आहे. कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करते. सुमारे १,८०० प्रवाशांचे हे जहाज मूळचे १९९० साली बांधलेले आहे. पावसाळ्यात मुंबईचा समुद्र खवळतो तेव्हा ते चेन्नईकडे हलते. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाल्याने पुढील काळात जहाजे वाढण्याची अपेक्षा आहे.

मात्र येथून फक्त प्रौढांसाठीची नियमित फेरी नाही आणि ती इतक्यात येईल असेही दिसत नाही. आपल्याकडे सहल म्हणजे आजी-आजोबा, आई-बाबा आणि नातवंडे अशा तीन पिढ्या. हाच येथील क्रूझचा मुख्य ग्राहक आहे. त्यामुळे मुंबईहून जाणाऱ्यांच्या हातात सध्या एकच साधन उरते, ते म्हणजे कॅलेंडर.

तारखा कशा निवडायच्या?

महाराष्ट्रात मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष हा काळ मुलांचा. मार्चअखेरही फसवा असतो. राज्य मंडळाच्या शाळा सुरू असल्या तरी इतर मंडळांच्या अनेक शाळांची वार्षिक परीक्षा संपून नवे सत्र सुरू होण्यापूर्वीची छोटी सुट्टी तेव्हाच येते. जोडून येणारी प्रजासत्ताक दिनाची किंवा होळीची सुट्टीही टाळावी.

याउलट सर्वांत शांत काळ म्हणजे परीक्षांचा. जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चच्या मध्यापर्यंत घरोघरी दहावी-बारावीचे वातावरण असते. धाकट्यांच्याही चाचण्या सुरू असतात. हवा सुखद असते आणि समुद्रही शांत असतो. दुसरा पर्याय दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा. त्यातही शुक्रवारी निघणारी फेरी सोडून आठवड्याच्या मधली निवडली तर फरक आणखी जाणवतो. एक मात्र लक्षात ठेवावे. शाळेत न जाणारी चिमुकली बाराही महिने प्रवास करतात. त्यामुळे ‘कमी मुले’ मिळतील, ‘मुलेच नाहीत’ असे होणार नाही.

परदेशी क्रूझसाठी आपले नव्हे, तर त्या प्रदेशाचे शालेय कॅलेंडर पाहावे लागते. सिंगापूरमध्ये जूनचा बहुतांश महिना आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंत मोठी सुट्टी असते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये एकेक आठवडा असतो. त्यात चिनी नववर्ष आणि भारतीयांची मे-दिवाळीची गर्दी मिळवली, की जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट हा तुलनेने मोकळा काळ उरतो. अमेरिकेजवळच्या कॅरेबियन समुद्रात नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपल्यापासून नाताळच्या आधीपर्यंतचे दोन-तीन आठवडे शांत मानले जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही मुले कमी आणि भाडे स्वस्त असते, पण तो चक्रीवादळांचा हंगाम असतो. भाडे का उतरले आहे, हे विचारण्याची सवय येथेही उपयोगी पडते.

सुट्टीतच जाऊ शकणाऱ्या शिक्षकांनी काय करावे?

सर्वांत मोठी पंचाईत त्यांचीच आहे. मुलांना सुट्टी असते तेव्हाच त्यांना सुट्टी असते, त्यामुळे कॅलेंडरची युक्ती मुंबईत चालत नाही. पण ती परदेशात चालते. आपली मेची सुट्टी म्हणजे युरोप-अमेरिकेतील शाळांचे भर सत्र. ईस्टर २५ एप्रिलच्या पुढे कधीच जात नाही आणि ब्रिटनमधील शाळांची छोटी सुट्टी मेच्या अखेरीस येते. मधले जवळपास तीन आठवडे भूमध्य समुद्रात किंवा अलास्काच्या मार्गावर स्थानिक शाळकरी मुले फारशी दिसत नाहीत. भारतातून जाणारे मोठे पर्यटक गट टाळले म्हणजे झाले. दिवाळीचेही तसेच. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. युरोपातील शरद ऋतूतील सुट्ट्या बहुतेक ठिकाणी तोवर संपलेल्या असतात.

जहाजावर गेल्यावर काही करता येते का?

जहाजाचा नकाशा संकेतस्थळावर उपलब्ध असतो. त्यात मुलांचा क्लब, व्हिडिओ गेमची खोली आणि पाण्याच्या घसरगुंड्या कुठे आहेत ते पाहून केबिन त्यापासून दूर घ्यावी. तरणतलावाच्या थेट खालचा मजला टाळावा. दोन केबिनना जोडणारे आतील दार असेल तर शेजारी मोठे कुटुंब असण्याची शक्यता अधिक, शिवाय आवाजही दारातून सहज येतो. जेवणाच्या दोन वेळा असतील तर उशिराची घ्यावी. मोठ्या जहाजांवर प्रौढांसाठी राखीव जागा असते. रॉयल कॅरेबियनच्या ‘सोलॅरियम’मध्ये १६ वर्षांवरील, तर कार्निव्हलच्या ‘सेरेनिटी’ डेकवर २१ वर्षांवरील प्रवाशांनाच जाता येते. काही कंपन्या अशा जागेसाठी वेगळे पैसे घेतात. ते भाड्यात धरूनच तुलना करावी.

मुलांचा आकडा कंपन्यांना माहीत असतो का?

येथे खरा मुद्दा येतो. हा सगळा अंदाजांचा खेळ प्रवाशाने करायचा आणि उत्तर मात्र कंपनीच्या संगणकात पडून असते. आरक्षण करतानाच प्रत्येकाचे वय नोंदवले जाते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तर ‘सोलास’ या सागरी सुरक्षा करारानुसार प्रवाशांच्या नोंदीत प्रौढ, मुले आणि तान्ही बाळे असा फरक करावाच लागतो. त्याच करारानुसार २४ तासांहून अधिक काळाच्या प्रवासात प्रत्येक बाळासाठी जीवरक्षक जाकीट लागते. मुलांच्या मापाची जाकिटे एकूण प्रवाशांच्या किमान १० टक्के असावी लागतात. मुले त्याहून जास्त असतील तर प्रत्येकासाठी एक. म्हणजे जहाज सुटण्याआधी मुले किती, हे ठाऊक असणे कंपनीच्या सोयीचा नव्हे, तर सुरक्षेचा भाग आहे.

मग तो आकडा प्रवाशांना का सांगू नये? नावे नकोत, वयेही नकोत. ‘या फेरीत आतापर्यंत १२ वर्षांखालील इतके प्रवासी’ एवढी एक ओळ आरक्षणाच्या पानावर पुरे. विमानात कोणती जागा रिकामी आहे हे दाखवणारे तंत्रज्ञान येथेही चालेल. आरक्षणे होत जातील तसा आकडा बदलेल, हे खरे. पण दोन महिने आधी चारशे मुले दिसत असतील, तर प्रवाशाला तारीख बदलायला वेळ मिळेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अशी माहिती दिल्याने मुलांसह येणाऱ्या कुटुंबांकडे ‘त्रास’ म्हणून पाहिले जाईल का? आधीच बाळ रडले की आईकडे वळणाऱ्या नजरा कमी नसतात. पण ही माहिती त्या आईच्याही उपयोगाची आहे. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन निघालेल्या पालकांना त्याच वयाची मुले जहाजावर हवीच असतात. ज्येष्ठांनी भरलेल्या जहाजावर एकुलते एक मूल कंटाळते आणि त्यासह आई-बाबांचीही सुट्टी वाया जाते. आकडा उघड झाला तर दोन्ही प्रकारचे प्रवासी आपापल्या फेऱ्या निवडतील आणि डेकवरचे खटके आपोआप कमी होतील. बंदी घालण्यापेक्षा हा मार्ग सभ्य आहे.

कंपन्यांना आणखी एक प्रयोग करता येईल. परीक्षांच्या काळात, जेव्हा कुटुंबे तशीही कमी येतात, तेव्हा महिन्यातून एखादी फेरी फक्त प्रौढांसाठी जाहीर करावी. मे आणि दिवाळीतील फेऱ्या कुटुंबांच्या म्हणून तितक्याच मोकळेपणाने मिरवाव्यात. यात कोणाचे काही हिरावले जात नाही.

तोवर काय करावे?

आरक्षणाआधी कंपनीला किंवा एजंटला तीन प्रश्न थेट विचारावेत. या फेरीत आजपर्यंत किती मुलांची नोंद झाली आहे? एखाद्या कंपनीची सहल किंवा लग्नाचा मोठा गट आहे का? आणि तारीख बदलायची झाल्यास शुल्क किती व कोणत्या दिवसापर्यंत? उत्तर शक्यतो ईमेलवर घ्यावे. पहिल्या प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ असे उत्तर आले तरी तो विचारत राहावा. पुरेशा प्रवाशांनी तो विचारला, तर कधी तरी ती ओळ आरक्षणाच्या पानावर येईल. नाशिकच्या त्या दाम्पत्याला एवढी एक ओळ आधी दिसली असती, तर त्यांनी कदाचित दुसरी फेरी निवडली असती, किंवा मनाची तयारी करून हीच. दोन्हींपैकी काहीही निवडले असते तरी ते जाणूनबुजून निवडले असते.